ठोक्यांची गोळी चार तासांत 'संपत' नाही

गुहागरच्या मावशीच्या फोनवर आलेला मेसेज असा: 'ठोके कमी करणारी गोळी चार तासच चालते. बोटाला ऑक्सिमीटर लावा. ठोक्यांचा आकडा 75 च्या वर गेला की अर्धी गोळी चावून घ्या. तीन दिवस 60 राहिला तर गोळी बंद, कोकम सरबत सुरू.' मावशीने अर्धी गोळी तोडूनही ठेवली होती, म्हणून हे लिहिणं आलं.

चार तास कुठून आले ते कळतं. मेटोप्रोलॉल हे ठोके कमी करणारं नेहमीचं औषध. साध्या मेटोप्रोलॉलचं रक्तातलं प्रमाण 3 ते 7 तासांत निम्मं होतं. निम्मं हो, शून्य नव्हे! आणि प्रमाण निम्मं झालं म्हणून असरही निम्मा होतो असं नाही. त्याच जातीच्या अटेनोलॉलच्या अमेरिकी माहितीपत्रकात दोन्ही आकडे आहेत: रक्तातलं औषध 6 ते 7 तासांत निम्मं, पण व्यायामाने वाढणाऱ्या ठोक्यांवरचा लगाम 50 मिलिग्रॅमच्या एका गोळीने किमान 24 तास.

'व्यायामाने' हे महत्त्वाचं. ही गोळी ठोके वाढवणाऱ्या अ‍ॅड्रेनलिनला अडवते. निवांत बसलेल्या माणसात त्याचा जोर मुळातच कमी, मग गोळी अडवणार काय? म्हणून असर मोजताना ट्रेडमिलवर किंवा सायकलवर ठरावीक भार देतात: गोळीआधी, 2 ते 4 तासांनी आणि पुढच्या गोळीच्या अगदी तोंडावर. खरा निकाल या शेवटच्या आकड्याचा. पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) चढून आल्या आल्या ऑक्सिमीटरवर ठोके 95 दिसले, तर गोळीशिवाय किती झाले असते हे तो थोडाच सांगतो? ठोके अनियमित असतील तर काही बोटापर्यंत पोचतच नाहीत. तिथे छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण मिनिट मोजावं लागतं.

एक मान्य: मेटोप्रोलॉलची साधी, म्हणजे टार्ट्रेट गोळी दिवसातून एकदाच घेतली तर असर ओसरतो. म्हणून तर ती बहुधा दोन वेळा देतात. मेटोप्रोलॉलच्याच सक्सिनेट प्रकाराची ईआर (एक्स्टेंडेड रिलीज) गोळी मात्र दिवसभर हळूहळू सुटते. ती चावली की पुष्कळसं औषध एकदम अंगात जातं, ठोके आणि प्रेशर दोन्ही घसरतात.

सगळ्यात घातक सल्ला शेवटचा. ठोके 60 वर आहेत ते गोळीमुळेच. महिनोन्‌महिने अडवलेल्या पेशींवर अ‍ॅड्रेनलिन पकडणारे रिसेप्टर वाढलेले असतात. गोळी अचानक थांबली की सगळे एकदम मोकळे. छातीत दुखणं बळावतं, हार्ट अ‍ॅटॅकही येतो. अटेनोलॉलच्या त्याच पत्रकात हा इशारा ठळक चौकटीत छापलाय. मेटोप्रोलॉल बंद करायचंच झालं तर डॉक्टर 1 ते 2 आठवड्यांत उतरवत नेतात.

कोकम उन्हातून आल्यावर प्या, गोळीच्या जागी नको. नोंद ठेवायचीच तर सकाळच्या गोळीआधी, पाच मिनिटं बसून, रोज त्याच वेळी. चक्कर आली किंवा ठोके 50 च्या खाली गेले, तर पुढची गोळी डॉक्टरांना विचारूनच.