‘रोटरीत मोडण्यासारखे आहेच काय?’ या दाव्याला उत्तर

माझ्दा आरएक्स-७ च्या शेवटच्या पिढीविषयी, म्हणजे १९९१ ते २००२ या काळात तयार झालेल्या एफडी गाडीविषयी, एक मजकूर बरेच दिवस हातोहात फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : तिच्या १३बी या त्रिकोणी रोटर फिरवणाऱ्या ‘रोटरी’ इंजिनात पिस्टन नाहीत, व्हॉल्व्ह नाहीत, कनेक्टिंग रॉड नाहीत, हलणारे भाग तीनच, तेव्हा मोडण्यासारखे काही नाही. मोठा टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारे यंत्र) बसवून मूळ इंजिनातून ४०० अश्वशक्ती निर्धास्त काढावी. सीलची, म्हणजे रोटरच्या कडांशी वायू अडवणाऱ्या तुकड्यांची, धास्ती वाटत असेल तर मजबूत सील घालावेत. गिअरबॉक्स तर कितीही ताकद झेलतो. आणि या सगळ्याचा पुरावा म्हणून १९९१ साली फ्रान्समधल्या ल माँ या २४ तासांच्या शर्यतीत माझ्दाने मिळवलेला विजय पुढे केला जातो. अशा मजकुरावर विसंबून लोक तीस-तीस वर्षांच्या इंजिनांना हात घालत आहेत, म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासणे मला आवश्यक वाटते.

हलणारे भाग तीनच, ही गणती दोन रोटर आणि एक शाफ्ट एवढ्यावर थांबते. प्रत्यक्षात प्रत्येक रोटरवर तीन एपेक्स सील (त्रिकोणाच्या टोकांवरचे), सहा साइड सील आणि सहा कॉर्नर सील असतात. म्हणजे दोन रोटर मिळून तीस सील, शिवाय त्यांच्या खालच्या स्प्रिंगा. इंजिनाचा जीव या तिसांत आहे. रोटर आणि शाफ्ट दणकट आहेत, हे मजकुराचे म्हणणे मी मान्य करतो. पण एपेक्स सील ही जेमतेम २ मिलिमीटर जाडीची, बिडाची पट्टी आहे, आणि बीड दाब सोसते, घाव सोसत नाही.

हा घाव येतो कुठून, हे त्या मजकुरात कुठेच नाही, आणि माझी खरी तक्रार तीच आहे. टर्बोने वाढवलेला दाब एकसारखा असेल तर मूळ सील तो पुष्कळ सहन करतात. त्यांना मारतो तो नॉक, म्हणजे ज्योत पोचण्याआधीच आपोआप पेटलेल्या मिश्रणाचा तडाखा. ७५०० फेऱ्यांवर प्रत्येक रोटरमध्ये सेकंदाला १२५ वेळा ज्वलन होते, त्यामुळे चालकाला आवाज कळून त्याने अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलेपर्यंत बहुधा सगळे आटोपलेले असते. मग प्लग काढून स्टार्टर फिरवला की, जिथे एका लयीत तीन सारखे फुत्कार ऐकू यायला हवेत, तिथे एक जोमदार आणि दोन मरगळलेले ऐकू येतात. दोनच का, तर एक एपेक्स सील ही शेजारच्या दोन कप्प्यांमधली सामाईक भिंत असते. इंजिन उघडल्यावर सीलचा कोपरा उडालेला, हाउसिंगच्या (रोटरभोवतीच्या कवचाच्या) क्रोमवर लांब ओरखडा, आणि तुटलेला तुकडा एक्झॉस्ट पोर्टमधून बाहेर जाता जाता टर्बाइनच्या पात्यांना चावून गेलेला, असे दृश्य दिसते.

आता ४०० अश्वशक्तीचा हिशेब पाहू. जपानमध्ये १९९९ नंतरची एफडी कारखान्यातून २८० अश्वशक्ती देत असे. बूस्ट, म्हणजे टर्बोने हवेला दिलेला जादा दाब, सुमारे ०.७ बारवरून १ बारवर नेला तर वातावरणाचा दाब धरून हवा साधारण १८ टक्क्यांनी वाढते, आणि इंधनही निदान तेवढ्याच प्रमाणात वाढावे लागते. मूळ इंजेक्टर (पेट्रोल फवारणाऱ्या तोट्या) दोन ५५० सीसीचे आणि दोन ८५० सीसीचे, म्हणजे पूर्ण उघडे राहिले तर मिनिटाला २८०० सीसी. इंजेक्टर सतत पूर्ण उघडा ठेवणे धोक्याचे असते, आणि रोटरी पिस्टन इंजिनापेक्षा अधिक पेट्रोल पिते. त्यामुळे ४०० च्या आसपास हाताशी काहीच शिल्लक उरत नाही. मूळ ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) तर अशा हवेसाठी लिहिलेलाच नाही. याहून फसवी गोष्ट अशी की टर्बोला हातही न लावता हेच संकट ओढवते. कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढून मोकळा एक्झॉस्ट बसवला की जादा वायू टर्बोला वगळून बाहेर सोडणारा छोटा मूळ वेस्टगेट पुरा पडत नाही, बूस्ट आपोआप वर सरकतो, आणि ‘मी फक्त पाइप बदलला’ म्हणणाऱ्याचे इंजिन जाते.

उष्णतेविषयी त्या मजकुरात एक ओळसुद्धा नाही. हे इंजिन म्हणजे बिडाच्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या भागांची, लांब बोल्टांनी आवळलेली चळत आहे. पाणी अडवणारे रबरी सील त्यांच्या सांध्यांत असतात. एकदा इंजिन चांगलेच तापले की हे सील जातात आणि पाणी ज्वलनकक्षात शिरते, एपेक्स सील शाबूत असले तरी.

मजबूत सीलचा सल्ला अर्धवट आहे. सील तुटला नाही म्हणून तडाखा नाहीसा होत नाही. तो रोटरच्या खाचेवर आणि बेअरिंगवर उतरतो, आणि फार कठीण सील हाउसिंगचे क्रोम खातो. नॉक टाळणारे इंधन, थंड हवा आणि जाणकाराने केलेले ट्यूनिंग असेल, तर मूळ सीलही टिकतात.

गिअरबॉक्सच्या बाबतीत दाव्यात तथ्य आहे, पण ‘कितीही ताकद’ हे मोजमाप चुकीचे आहे. गिअरच्या दात्यांवर ताण येतो तो टॉर्कचा. ४०० अश्वशक्ती ७००० फेऱ्यांना मिळत असेल तर टॉर्क सुमारे ४०० न्यूटन-मीटर भरतो; तीच ताकद ५००० फेऱ्यांना मिळाली तर तो ५६० च्या घरात जातो. रोटरी उंच फेऱ्यांवर ताकद देते, म्हणून एफडीचा पाच गिअरचा बॉक्स वाचतो. मात्र लवकर फुगणारा टर्बो, न घसरणारा कडक क्लच आणि जागेवरून झटका देऊन गाडी सोडण्याची सवय एकत्र आली की ही सूट संपते. शिवाय हाच दाखला आरएक्स-८ ला, म्हणजे माझ्दाच्या नंतरच्या रोटरी गाडीला, लावणे सर्वस्वी चूक आहे : तिच्यासाठी माझ्दाने टर्बो कधी दिलाच नाही, तिचे इंजिन २१६ न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क देते, आणि बॉक्सही त्याच मापाचा आहे.

राहता राहिला ल माँ. १९९१ ची विजेती शर्यतीची गाडी ७८७बी हा माझ्याही अभिमानाचा विषय आहे, पण तिच्या आर२६बी इंजिनात चार रोटर होते, प्रत्येक रोटरला तीन स्पार्क प्लग होते, एपेक्स सील सिरॅमिकचे होते आणि टर्बो नव्हता. सुमारे ७०० अश्वशक्ती, म्हणजे रोटरमागे १७५. ४०० अश्वशक्तीचा १३बी रोटरमागे २०० मागतो, तेही बिडाच्या सीलवर आणि २८० साठी जुळवलेल्या इंधनव्यवस्थेवर.