कान झाकणारं मूल नाटक करत नसतं

ऐरोलीला राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीला तिच्या सासऱ्यांनी एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, 'यंदा विसर्जनाला नातवाला मी स्वतः ढोलपथकासमोर उभा करणार.' हा नातू म्हणजे माझा सात वर्षांचा भाचा. दुसरीत असून चौथीची गणितं सोडवतो, ट्रान्सहार्बरच्या गाड्यांच्या वेळा तोंडपाठ सांगतो आणि घरात मिक्सर लागला की कान दाबून बाथरूममध्ये जाऊन बसतो. हाच फॉरवर्ड ठाण्यातल्या आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीच्या ग्रुपवरही फिरतोय. मी मुलीला घरी शिकवते हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे काहींनी तो मला मुद्दाम वेगळाही पाठवला.

मजकूर थोडक्यात असा: मुलाला शाळेतून काढून घरी शिकवणं हा शिक्षण हक्क कायद्याखाली गुन्हा आहे आणि आईबापांना तुरुंगवास होतो. आवाज, गर्दी, कपड्याचं लेबल सहन न होणं हे लाडाचं लक्षण. मुलाला धरून गोंगाटात उभं केलं की आठवड्यात सवय होते. मूल खरंच हुशार असेल तर ते घाबरत नाही. शाळा चुकवू दिली की भीती वाढते. घरी शिकलेल्याला दहावीचं प्रमाणपत्र मिळत नाही आणि माणसांत मिसळता येत नाही. शेवटी 'एका ज्येष्ठ डॉक्टरांचा सल्ला' असं लिहिलंय. डॉक्टरांचं नाव नाही.

तुरुंगाचं आधी संपवते. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम १० मध्ये ६ ते १४ वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलंय, ते मी लपवत नाही. पण ते न पाळणाऱ्या पालकाला शिक्षा सांगणारं एकही कलम त्या कायद्यात नाही. एक लाखापर्यंतचा दंड आहे तो मान्यतेशिवाय शाळा चालवणाऱ्यांना. होमस्कूलिंगला या कायद्यात स्पष्ट मान्यता नाही, हे मान्य. फक्त २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र अपंगत्व किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलांना घरी शिक्षण घेण्याचा पर्याय दिला आहे. म्हणजे आमच्यासारख्यांची स्थिती कायद्यात धूसर आहे. धूसर असणं आणि गुन्हा असणं यांत फार अंतर आहे, आणि ते अंतर पुसून एखाद्या आधीच खचलेल्या आईला तुरुंगाची भीती घालणं वाईट आहे. त्याच कायद्याचं कलम १७ सांगतं की मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देता येणार नाही. ते कलम कुणी फॉरवर्ड करत नाही.

आता तो सवयीचा सल्ला. सगळ्या मजकुरात सर्वांत घातक तोच आहे, कारण लोक तो खरोखर अमलात आणतात.

सवय होते म्हणजे नेमकं काय होतं? पंखा लावला की थोड्या वेळाने त्याचा आवाज आपल्याला जाणवेनासा होतो. मेंदू त्या आवाजाला उत्तर देणं कमी करतो. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने गृहीत धरलंय की हे प्रत्येक मुलात असंच घडतं. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या शुलामाइट ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. तो अभ्यास २०१५ मध्ये 'जामा सायकायट्री' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यांनी मुलांना रहदारीचा आवाज ऐकवला, अंगाला टोचरं लोकरी कापड लावलं आणि त्या वेळी मेंदूचे स्कॅन घेतले. स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांपैकी ज्यांना आवाज-स्पर्शाचा जास्त त्रास होतो, त्यांच्या मेंदूत भीतीशी संबंधित असलेला अमिग्डाला हा भाग आणि संवेदनांचे भाग जास्त जोरात पेटले. शिवाय तेच पुन्हा पुन्हा दिल्यावर इतरांच्यात प्रतिसाद जसा ओसरत गेला, तसा यांच्यात ओसरला नाही. ज्या मुलांसाठी 'सवय होईल' म्हणून सांगितलं जातं, त्यांच्यातच सवय होण्याची ही प्रक्रिया अडते. अभ्यास छोटा होता आणि स्वमग्न मुलांवरचा होता; माझा भाचा स्वमग्न आहे की नाही, त्याची तपासणी अजून चालू आहे. पण म्हणूनच, तपासणी होण्याआधी त्याला ढोलासमोर उभं करण्याचा अधिकार कुणालाही नाही.

शिवाय तो आवाज किती असतो? निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही आपल्या २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांची मर्यादा. मिरवणुकीत तो शंभराच्या वर जाणं नवीन नाही. ठाण्याचेच डॉ. महेश बेडेकर या प्रश्नावर उच्च न्यायालयात गेले आणि त्यांच्या याचिकेवर २०१६ मध्ये निकालही आला. सुदृढ मोठ्या माणसांना ज्याविरुद्ध कोर्टात जावं लागतं, ते सात वर्षांच्या मुलाला औषध म्हणून द्यायचं?

आणि असं धरून उभं केलेलं मूल गप्प झालं तर 'बघा, सवय झाली' म्हणू नका. ते पळू शकत नाही म्हणून गोठलेलं असतं. माझी मुलगी शाळेच्या संमेलनात स्पीकरजवळ अशीच गप्प उभी होती. सगळ्यांनी कौतुक केलं. नंतर कितीतरी दिवस ती युनिफॉर्म बघितला तरी ओकायची.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. आवाज-स्पर्शाच्या अशा त्रासाला 'सेन्सरी प्रोसेसिंग डिसऑर्डर' म्हणतात, पण हे स्वतंत्र निदान म्हणून डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तिकेत नाही, आणि अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१२ मध्ये ते स्वतंत्र निदान म्हणून वापरू नका असं सांगितलं. त्यामुळे पहिल्याच भेटीत हे लेबल लावून वर्षभराचं थेरपीचं पॅकेज विकणाऱ्यांपासूनही सावध राहा. चांगला ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजच्या कामांत मुलाला मदत करणारा तज्ज्ञ, आधी मुलाचा दिवस समजून घेतो.

हुशार मूल घाबरत नाही म्हणे. यात अर्धं खरं आहे. २०१० मध्ये आधीचे अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष असा की प्रज्ञावान मुलांमध्ये चिंतेचं प्रमाण सरासरीने थोडं कमीच दिसतं. म्हणून अशा मुलांच्या पालकांच्या गटात जे बोललं जातं, 'आमचं मूल फार हुशार म्हणूनच इतकं घाबरतं', तेही मला पटत नाही. पण सरासरी म्हणजे तुमच्या घरातलं मूल नव्हे. काही मुलांत दोन्ही एकत्र असतं आणि मग हुशारीच आड येते. मार्क चांगले आहेत तर तपासणी कशाला, असं शाळा म्हणते आणि घरातले आजोबाही म्हणतात. मूल सगळी ताकद खर्चून वर्गात टिकतं आणि घरी येऊन कोसळतं. ते कोसळणं फक्त आई बघते, आणि मग आईच लाडावते असं ठरतं.

शाळा चुकवू दिली की भीती वाढते, हा त्या मजकुरातला एकच मुद्दा मला मान्य करावा लागतो. टाळल्याने भीती पोसली जाते. शाळा सोडवून मुलाला खोलीत बसवून ठेवणं म्हणजे होमस्कूलिंग नाही. पण यावर उपाय कोणता? १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या लहान मुलाची सशाची भीती घालवली, ती त्याच्या मांडीत ससा टाकून नव्हे. त्याला आवडीचं खायला देत, तो सहन करेल तेवढाच ससा जवळ आणत आणत. मी मुलीला गावदेवीच्या भाजीबाजारात नेते ते दुपारी, गर्दी नसताना. कधी निघायचं ते ती ठरवते. मराठी ग्रंथसंग्रहालयात ती आता एकटी काउंटरवर जाऊन पुस्तक मागते.

मिसळण्याबद्दल यापेक्षा वेगळं काही सांगायची मला गरज वाटत नाही. येऊरला पक्षी बघायला आमच्याबरोबर येणाऱ्या दोन मैत्रिणी तिला पुरतात.

प्रमाणपत्राचा मुद्दा सरळ खोटा आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था १९८९ पासून आहे. १४ वर्षं पूर्ण झाली की तिथे दहावीला नाव घालता येतं, वर्षातून दोनदा परीक्षा होते आणि पाच वर्षांत मिळून नऊ संधी मिळतात. त्या आधीच्या इयत्तांसाठीही तिथे तीन टप्पे आहेत. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेला तिथली बारावी चालते. शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा आपल्या राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म तर ठाण्यात घराघरांत माहीत आहे. मात्र 'कागदाची गरजच काय' म्हणणाऱ्या होमस्कूलिंगवाल्यांचंही ऐकू नका. घरी शिकलेल्या मुंबईच्या मालविका जोशीला २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला तो प्रोग्रॅमिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमधल्या तीन पदकांवर. बारावी नसल्यामुळे आयआयटीचा रस्ता तिला बंदच होता. मूल तेरा वर्षांचं झालं की कोणत्या मंडळातून बसायचं ते ठरवा आणि लेखनिक, जादा वेळ किंवा वेगळी खोली लागणार असेल तर तपासणीचे कागद आतापासून जमवा. ते ऐनवेळी मिळत नाहीत.