काळी काच आणि चोरी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं असं, की गाडीच्या काचेवरच्या काळ्या फिल्मला विरोध करून मी चोरांचीच सोय करतोय. आतलं दिसलंच नाही तर काच फोडेल कोण? आणि ५० टक्क्यांची, म्हणजे निम्मा उजेड आत सोडणारी, फिल्म घरी लावली तर ती नियमातच बसते. सिंहगडाच्या पायथ्याशी काच फोडून तुमची बॅग नेली, त्याचा संताप मी समजू शकतो. पण हे दोन्ही मुद्दे मला पटत नाहीत.

आधी ५० टक्के. मोटार वाहन नियम १०० प्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आत यायला हवा. हा हिशोब काच आणि फिल्म मिळून होतो. कंपनीच्या हिरवट काचेतून समजा ७५ टक्के येतोय. त्यावर ५० ची फिल्म बसली की उरले साडेसदतीस. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ च्या निकालात काचेवर कुठलीही काळी फिल्म चिकटवायलाच मनाई केली. पुढे नियम बदलला आणि केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये मर्यादेतली फिल्म चालेल असं म्हटलं, हे खरं. पण साडेसदतीस त्या मर्यादेतही बसत नाही.

आता चोरी. रात्री काळ्या काचेला मोबाईलचा टॉर्च टेकवला की सीटवरची बॅग सरळ दिसते. बाजूची काच सहसा टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली, असते. एका जागी नेमका फटका बसला की सगळी चुरा होते. नाना पेठेत मिळणारी साधी टिंट (काळी) फिल्म तो चुरा एकत्र धरते, पण ती काचेलाच चिकटलेली असते, दाराच्या चौकटीला नाही. हाताने दाबली की अख्खी चादर आत पडते. जाड सेफ्टी फिल्म चोराचा थोडा वेळ खाते, हे मान्य. पण आतून काच फोडून बाहेर पडायची वेळ आली तर तीच आडवी येते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुरात गाड्या कशा वाहून गेल्या, ते आपण पुणेकरांनी पाहिलंय. म्हणून जाड फिल्म मी कुणाला सुचवत नाही.

बॅग वाचवायची तर ती डिकीत टाका, पण घरून निघतानाच. पायथ्याच्या पार्किंगमध्ये उतरून सगळ्यांसमोर डिकी उघडणं म्हणजे माल कुठे आहे ते दाखवणंच. चार्जरची लोंबती वायरसुद्धा काढून ठेवा, ती दिसली की आत फोन असेल असं वाटतं.

तुमच्या गाडीला आधीच्या मालकाने लावलेली फिल्म काढायची असेल, तर मागच्या काचेवर ब्लेड अजिबात चालवू नका. डिफॉगरच्या, म्हणजे काचेवरचं धुकं घालवणाऱ्या तारांच्या, रेषा खरवडल्या जातात. हेअर ड्रायरने गरम करून कोपऱ्यापासून हळूहळू सोलत या, राहिलेला गोंद साबणाच्या पाण्याने भिजवून मऊ फडक्याने पुसा.