रिटर्न नळी आवळून रेग्युलेटर दुरुस्त होत नाही

जुन्या पेट्रोल पिकअपच्या फ्युएल प्रेशर रेग्युलेटरविषयीचा (पेट्रोलचा दाब मर्यादेत ठेवणाऱ्या भागाविषयीचा) एक संदेश सध्या सर्वत्र फिरत असून तो माझ्या धाकट्या भावापर्यंतही पोहोचला आहे. त्या संदेशानुसार काळा धूर आला की रेग्युलेटरच गेला असे समजावे. नवा न घेता टाकीकडे जाणारी रिटर्न नळी क्लॅम्पने आवळून ठेवावी, म्हणजे दाब वाढून गाडीची ताकद वाढते. बदलायचाच असेल तर इंजिन बंद करून लगेच बोल्ट खोलावेत आणि जुन्याच ओ-रिंग (जोड गळू नये म्हणून बसवलेल्या रबरी कड्या) वापराव्यात, असे त्यात ठासून सांगितले आहे. भाऊ क्लॅम्प शोधू लागला होता, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

सर्वांत घातक सल्ला नळी आवळण्याचा आहे. या गाड्यांत पंप गरजेपेक्षा जास्त पेट्रोल फ्युएल रेलमध्ये (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत) पाठवतो आणि रेग्युलेटर जादा पेट्रोल टाकीत परत सोडून दाब नेमून दिलेल्या मर्यादेत ठेवतो. परतीची वाट बंद केली की दाबाला आवर घालणारे काही उरत नाही; तो पंपाच्या कमाल क्षमतेपर्यंत चढतो आणि वर्षानुवर्षे उष्णतेने कडक झालेल्या रबरी नळ्यांना तो ताण सोसावा लागतो. दाब दुप्पट झाला तर इंजेक्टरमधून, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या भागातून, सुमारे १.४ पट पेट्रोल जाते, परंतु हवा तेवढीच राहते. ते जादा पेट्रोल ताकद देत नाही; ते सिलिंडरच्या भिंतींवरील ऑइल धुऊन काढते आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील घातक वायू कमी करणारा भाग) असेल तर तो जाळते. दाब मोजणारे गेज लावून काही क्षण रिटर्न नळी दाबून पाहण्याची पद्धत काही मेकॅनिक वापरतात, हे मान्य केले पाहिजे. पण दोष पंपात आहे की रेग्युलेटरमध्ये, एवढेच त्यातून तपासायचे असते. ती नळी तशीच आवळून गाडी चालवणे ही दुरुस्ती नव्हे.

काळा धूर रेग्युलेटरमधील फाटक्या डायफ्रॅममुळे (लवचिक पडद्यामुळे) येऊ शकतो, हेही खरे. मात्र तो गळक्या इंजेक्टरमुळे किंवा बिघडलेल्या सेन्सरमुळेही येतो. रेग्युलेटरला व्हॅक्युमची (इंजिनाच्या हवेच्या मार्गातून येणारी) नळी असेल तर ती काढून आत पाहावे. तिच्यात पेट्रोल आढळले तर डायफ्रॅम फाटला आहे आणि रेग्युलेटर बदलावाच लागेल. नळी कोरडी असेल तर इंजिन आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता चालू) ठेवून ती काढावी आणि गेज पाहावे: दाब साधारणपणे ८ ते १० पीएसआयने (दाबाचे एकक) वाढायला हवा. तुमच्या मॉडेलचा नेमका दाब सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला असतो आणि या बाबतीत फिरत्या संदेशापेक्षा त्याचाच शब्द अंतिम मानावा.

त्याच मॅन्युअलमध्ये भाग खोलण्याआधी दाब उतरवण्याची कृतीही दिलेली असते, कारण इंजिन बंद केल्यावरही रेलमध्ये दाब टिकून राहतो. लगेच बोल्ट सैल केला तर गरम एक्झॉस्टच्या शेजारी पेट्रोलची चिळकांडी उडते. म्हणून सामान्यतः पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवतात, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडतात आणि जोडाभोवती फडके गुंडाळूनच बोल्ट सैल करतात.

ओ-रिंग नव्याच हव्यात. जुनी दबून चपटी झालेली असते. नवीन ओ-रिंगला स्वच्छ इंजिन ऑइलचा हलका हात लावून रेग्युलेटर बसवावा, फ्यूज व बॅटरी जोडावी, स्टार्टर न मारता चावी दोन-तीनदा ऑन करून पंपाला दाब तयार करू द्यावा आणि जोड पूर्ण कोरडा असल्याची खात्री झाल्यावरच इंजिन सुरू करावे.