काळा घोडा कोणता?

परवा मुंबईच्या राणीच्या बागेत, खऱ्या काळ्या घोड्याच्या पुतळ्यासमोर, एका काकांनी मला "पोराला काहीतरी खोटं सांगू नका" असं ऐकवलं. पोरगं त्यांचा नातू. माझी चूक एवढीच की त्याने "हे काय?" विचारल्यावर मी मधेच "काळा घोडा" असं बोललो.

"काळा घोडा फोर्टात असतो," काका म्हणाले. "तीस वर्षं नोकरी केलीय तिथे."

"तो २०१७ सालचा. हा १८७९चा. १९६५मध्ये तिथून काढून इथे आणला."

म्हणजे मधली बावन्न वर्षं तिथे घोडा नव्हताच. त्या भागाला घोड्याचं नाव होतं आणि गाड्यांचं पार्किंग होतं. काकांनी तीस वर्षं कोणता घोडा पाहिला, हे विचारायचं मी टाळलं.

"फोर्टातला मोकळा आहे. ह्याच्यावर माणूस बसलाय!"

"एडवर्ड. तेव्हाचा प्रिन्स ऑफ वेल्स. अल्बर्ट ससूननी पुतळा दिला, शिल्पकार जोसेफ बोएमनी घडवला."

"मग नाव घोड्याचं कसं?"

ह्याला उत्तर नाही. पुढे बादशहा झालेला माणूस, आणि मुंबईने लक्षात ठेवलं जनावर.

तेवढ्यात काकांनी छत्रीचं टोक घोड्याच्या पायावर हाणलं. टण्ण! "बघा, पोकळ! फसवणूक सगळी."

अहो, ब्राँझचा मोठा पुतळा पोकळच ओततात. भरीव ओतला तर जाड भाग आणि पातळ भाग वेगवेगळ्या वेगाने थंड होतात, धातू आकसतो आणि तडकतो. शिवाय ते सगळं वजन घोड्याच्या काटकुळ्या पायांवर. म्हणून पुष्कळदा आत लोखंडी सळ्या असतात. सांध्यांतून पाणी झिरपतं, ते जायला खाली भोकं लागतात. ती बुजली की सळ्या गंजतात, फुगतात आणि बाहेरचा धातू फाडतात. आणि वरचा काळपट थर म्हणजे मळ नव्हे, ते त्याचं चिलखत. छत्रीने ते खरवडलं की समुद्राची खारी हवा तिथेच शिरते आणि फिकट हिरवी भुकटी सुटायला लागते.

"चिंच-मीठ लावलं तर लख्ख निघेल," काकू म्हणाल्या.

मीठ! ब्राँझचा सगळ्यात मोठा वैरी. मऊ ब्रश, सौम्य साबण, साधं पाणी. पूर्ण वाळला की मेणाचा पातळ हात. बस. पण घरच्या तांब्याचा अनुभव असलेल्या बाईला हे कोण सांगणार?

नातवाला मी जवळचा घारापुरीचा दगडी हत्ती दाखवला. ह्याच्यामुळेच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४मध्ये इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले, उचलताना साखळी तुटली, हत्तीचे तुकडे झाले. १९१४मध्ये कॅडेल आणि ह्यूएट ह्यांनी ते पुन्हा जोडले.

"म्हणजे हाही जोडकाम," काका म्हणाले, आणि छत्री उचलली. मी मधे उभा राहिलो.

त्यांनी माझ्या हातात मोबाइल दिला. "उभेच आहात तर घोड्याबरोबर आमचा एक काढा. वरचा माणूस तेवढा कापा."