आधी कारण सांगा, मग बटण

पन्नास मिनिटांची मुलाखत एडिट करत होते. चित्र मोबाइलवर घेतलेलं, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. चित्र आणि आवाज जुळवायला सुरुवातीला वाजवलेली टाळी जुळवली, सगळं चोख बसलं. बाविसाव्या मिनिटाला समोरच्या बाई "नाही" म्हणाल्या आणि त्यांचे ओठ मिटल्यावर मला तो "नाही" ऐकू आला. पुढे गेले तर अंतर वाढलेलं. आणखी पुढे गेले तर पुन्हा कमी झालेलं.

रात्री अकराला नेटवर शोधायला बसले. व्हिडिओमागून व्हिडिओ पाहिले. कॅशे साफ करा. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाका. क्लिप दर पाच मिनिटांनी कापा आणि आवाज सरकवा. हा शेवटचा उपाय मी खरोखर केला. पहाटेपर्यंत दहा तुकडे झाले आणि तरीही प्रत्येक तुकड्यात ओठ कुठे ना कुठे घसरतच होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुणा अनोळखी माणसाने लिहिलेल्या चार ओळी सापडल्या. फाईल मीडियाइन्फोमध्ये, म्हणजे फाईलची तांत्रिक माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडा. 'फ्रेम रेट मोड' समोर काय लिहिलंय ते बघा. 'व्हेरिएबल' असेल तर मोबाइलने फ्रेम, म्हणजे चित्राच्या एकेक चौकटी, सारख्या अंतराने घेतलेल्या नाहीत. उजेड कमी झाला किंवा फोन तापला की तो फ्रेमचा वेग बदलतो आणि एडिटिंग सॉफ्टवेअरची टाइमलाइन मात्र सगळ्या फ्रेम सारख्या अंतरावर धरून चालते. हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट 'कॉन्स्टंट' करून नवी फाईल काढा आणि तीच वापरा.

उघडलं. 'व्हेरिएबल' लिहिलं होतं. नवी फाईल काढली आणि बाविसाव्या मिनिटाचा "नाही" ओठांवर परत आला.

तेव्हापासून एडिटिंगची कुठलीही माहिती वाचताना मी एकच गोष्ट आधी बघते: यात कारण सांगितलंय का? बटण कुठे आहे हे सांगणारे हजारो आहेत. बटण पुढच्या आवृत्तीत जागा बदलतं, कधी नावही बदलतं. कारण तिथेच राहतं. आणि एक कारण समजलं की त्याच्या शेजारचं दुसरंही ओळखू येतं. आवाज मागेपुढे न होता एकाच दिशेने, एकसारखा सरकत असेल, तर मी आता मोबाइलला दोष देत नाही. तिथे बहुतेक वेळा सेकंदाला 24 फ्रेम आणि 23.976 फ्रेम यांचा घोळ असतो. फरक हजारात एकाचा, पण एका तासाला तो 3.6 सेकंद होतो. बाविसाव्या मिनिटालाच सव्वा सेकंदाच्या वर गेलेला असतो. हे गणित माहीत असलं की दोष शोधायला रात्र लागत नाही, पाच मिनिटं पुरतात.

म्हणूनच नव्याने या कामात आलेल्या मुलामुलींनी "ताई, कुठला चॅनल बघू?" असं विचारलं की मी आधी मॅन्युअल सांगते. त्यांचा चेहरा पडतो, मला कळतं. पण दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरचं मॅन्युअल फुकट मिळतं, काही हजार पानांचं आहे आणि ते कुणीच सलग वाचायचं नसतं. अडलं की त्यात शब्द शोधायचा आणि त्याच्या आगेमागची दोन पानं वाचायची. त्या दोन पानांतच कारण असतं. रिझॉल्व्ह बनवणाऱ्या ब्लॅकमॅजिकच्या साइटवर शिकण्याची पुस्तकं आणि त्यांच्यासोबत सरावाचं फुटेजही मोफत आहे. स्वतःकडे चांगले रशेस, म्हणजे न कापलेलं मूळ फुटेज, नसणं ही नवख्याची खरी अडचण, तिच्यावर याहून चांगला उपाय मला ठाऊक नाही. ॲपलने प्रोरेस या आपल्या व्हिडिओ फॉरमॅटवर काढलेली माहितीपत्रिकाही अशीच. तिच्यातला तक्ता सांगतो की 1920 बाय 1080 चित्राला, सेकंदाला 29.97 फ्रेम असताना, प्रोरेस 422 साधारण 147 मेगाबिट प्रति सेकंद घेतं, म्हणजे तासाला 66 जीबी. चाळीस तासांचं फुटेज आलं तर हार्ड डिस्क किती मोठी लागेल हे शूटिंगच्या आधी सांगता येतं. निर्मात्याशी बोलताना हा एक आकडा मला कुठल्याही सुंदर ट्रान्झिशनपेक्षा जास्त उपयोगी पडला आहे.

आता बातम्यांबद्दल. आपल्या क्षेत्रात दर महिन्याला काहीतरी "सगळं बदलून टाकणारं" येतं, आणि ते न वापरणारा मागे पडला असं वातावरण तयार होतं. याचा तरुण एडिटरांच्या मनावर फार वाईट परिणाम होतो, हे मी जवळून पाहिलंय. त्यांना मी 'पॅरासाइट'चं उदाहरण देते. 2019 चा हा कोरियन सिनेमा फायनल कट प्रो 7 वर कापला गेला. हे सॉफ्टवेअर ॲपलने 2011 मध्येच बंद केलं होतं. संकलनासाठी ऑस्करचं नामांकन मिळालं ते आठ वर्षांपूर्वी बंद पडलेल्या साधनावर केलेल्या कामाला. त्या एडिटरला आपलं साधन हाताच्या बोटांसारखं माहीत होतं, एवढाच याचा अर्थ मी घेते.

बातम्या वाचूच नका असं माझं म्हणणं नाही. 2011 च्या जूनमध्ये फायनल कट प्रो एक्स आलं तेव्हा ते जुन्या आवृत्तीतली प्रोजेक्ट्स उघडत नव्हतं आणि मल्टिकॅमची (अनेक कॅमेऱ्यांचं चित्र एकत्र कापायची) सोयही पुढच्या वर्षी आली. ज्यांनी ही बातमी नीट वाचली ते चालू काम घेऊन त्यात उतरले नाहीत. 2013 मध्ये प्रीमियर प्रो बनवणाऱ्या ॲडोबीने नव्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर द्यायचं ठरवलं, ही बातमीही थेट आपल्या खिशाची होती. मी नवीन आवृत्तीची बातमी उलटी वाचते: काय नवं आलं ते शेवटी, 'नोन इश्यूज', म्हणजे माहीत असलेले दोष, आधी. आणि काम चालू असताना अपडेट करत नाही, मुळीच नाही. नव्या आवृत्तीत उघडून सेव्ह केलेलं प्रोजेक्ट जुन्या आवृत्तीत सहसा परत उघडत नाही. ते दार एकाच बाजूने उघडतं.

एका नव्या गोष्टीवर मात्र सविस्तर बोलायचंय. 2023 मध्ये प्रीमियर प्रोमध्ये बोललेल्या शब्दांचा मजकूर बघून कापायची सोय आली. शब्द खोडला की चित्रही कापलं जातं. मुलाखतींच्या ढिगात हवं ते वाक्य शोधायला हे वरदान आहे आणि मी ते रोज वापरते. पण ते शिकवणारे व्हिडिओ सरसकट सांगतात की मधल्या रिकाम्या जागा एका क्लिकमध्ये उडवा. इथे माझा जीव तुटतो. कागदावर रिकामी दिसणारी जागा पडद्यावर रिकामी नसते. मघाच्याच मुलाखतीत "नाही" म्हणण्याआधी बाई जवळपास चार सेकंद गप्प होत्या. खाली बघितलं, अंगठ्याने दुसऱ्या हाताचं नख घासलं आणि मग बोलल्या. मजकुरात तिथे फक्त एक मोकळी जागा होती. ती उडवली असती तर उत्तर राहिलं असतं, पण ते उत्तर देणं त्यांना किती जड गेलं ते गेलं असतं. ती जागा मी पूर्ण ठेवली. मजकुरावरून शोधा, पण कापण्याआधी आवाज चालू करून चेहरा बघा.

कला शिकायची तर दुसऱ्या एडिटरांना त्यांच्या निर्णयांबद्दल बोलताना ऐका. स्टीव्ह हलफिश यांची 'आर्ट ऑफ द कट' ही मुलाखतमालिका मी वर्षानुवर्षं ऐकतेय. ते स्वतः एडिटर आहेत, त्यामुळे प्रश्न कामाचे असतात. माझा अनुभव असा की अशी एक मुलाखत ऐकून लगेच स्वतःचा रफ कट, म्हणजे पहिली कच्ची जुळणी, बघायला बसलं की तोच कट वेगळा दिसतो. दहा मुलाखती सलग ऐकून काही होत नाही.

त्या चार ओळी कुणी लिहिल्या ते मला कधीच कळलं नाही. पण तेव्हापासून माझी एखादी अडचण सुटली की मी ती कुठेतरी सार्वजनिक लिहून ठेवते: सॉफ्टवेअरची आवृत्ती, फाईल कशावर शूट झाली, मीडियाइन्फोने काय दाखवलं, उपाय काय केला आणि तो का लागू पडला. तुमच्याकडेही अशी एखादी सुटलेली अडचण असेल तर खाली लिहा. आवृत्ती आणि तारीख मात्र विसरू नका.