यीस्टच्या एमआरएनएची शेपटी डीएनएवरून छापली जात नाही

एमआरएनएच्या शेवटी एची रांग असते, तिला शेपटी म्हणतात. तिच्याबद्दल परीक्षेच्या नोट्समध्ये एक मजकूर वारंवार फिरतो: "डीएनएवर एएयूएएए आला की आरएनए पॉलिमरेज तिथेच थांबतं आणि पुढच्या टीच्या रांगेवरून २०० एची शेपटी छापतं. यीस्ट असो वा माणूस, सगळीकडे हेच. शेपटी म्हणजे एमआरएनएचं चिलखत." डीएनएत यू नसतोच, पण ते सोडून देऊ.

"तिथेच थांबतं." उलट, पॉलिमरेज पुढे धावत असतं आणि मागे आरएनए कापला जातो. यीस्टमध्ये कात्रीचं काम वायएसएच१ करतं. सीपीएफ या मोठ्या संकुलातलं हे प्रथिन, आणि त्याच्या सक्रिय जागी झिंकचे दोन अणू असतात. कापल्यावर पॉलिमरेजमधून लोंबणाऱ्या तुकड्याच्या टोकावर टोपी (एमआरएनएच्या सुरुवातीला असणारं संरक्षक झाकण) नसते. रॅट१ हे आरएनए खाणारं विकर तिथून कुरतडत पॉलिमरेजपर्यंत पोहोचतं आणि त्याला डीएनएवरून सोडवायला मदत करतं. पुरावा हवा तर आरएनए१४, आरएनए१५ (नावं अशी, पण आहेत प्रथिनंच) किंवा पीसीएफ११ या कापण्यासाठी लागणाऱ्या प्रथिनांचे तापमान-संवेदी उत्परिवर्ती (तापमान वाढलं की बिघडणारे बदललेले प्रकार) पाहा. ३७ अंशांना ही प्रथिनं निकामी होतात. जनुकाच्या शेवटचं एक अक्षरही बदललेलं नसतं, तरी पॉलिमरेज ठरलेली जागा ओलांडून पुढे जात राहतं. शेपटी जोडणारं पॅप१ बिघडवलं तर मात्र असं होत नाही. म्हणजे थांबणं कापण्यावर अवलंबून आहे, शेपटीवर नाही.

"एएयूएएए हाच सिग्नल." माणसात तो खरंच कळीचा आहे; अल्फा-ग्लोबिनच्या जनुकात त्यातलं शेवटचं अक्षर बदललं तरी थॅलेसेमिया होतो. यीस्टमध्ये काम वाटून दिलेलं असतं. यूएयूएयूएवर एचआरपी१ हे प्रथिन बसतं, कापण्याच्या जागेच्या साधारण १० ते ३० अक्षरं आधी एने भरलेला पट्टा असतो, आणि त्या जागेच्या दोन्ही बाजूंना यूच्या रांगा. एक दुवा कमकुवत असला तर बाकीचे सांभाळून घेतात, म्हणून एकाच जनुकाचे एमआरएनए अनेकदा चार-सहा वेगवेगळ्या ठिकाणी संपलेले दिसतात.

"टीच्या रांगेवरून छापतं." पॅप१ला साचाच लागत नाही, एटीपी घेऊन ते एकेक ए जोडत जातं. यीस्टच्या अर्कात सीवायसी१ या जनुकाचा किरणोत्सारी आरएनए टाका आणि एटीपीऐवजी त्याच्यासारखंच दिसणारं कॉर्डिसेपिन ट्रायफॉस्फेट द्या. त्यात पुढचं अक्षर जोडायला लागणारा ३' हायड्रॉक्सिल नसतो, त्यामुळे कापणं होतं, पण शेपटी पहिल्याच अक्षरावर अडते. जेलवर पसरट पट्ट्याऐवजी धारदार रेघ येते.

"२०० ए." बारावीच्या एनसीईआरटीत २०० ते ३०० लिहिलंय, साचा लागत नाही हेही तिथेच आहे. पण तो आकडा सस्तन प्राण्यांना शोभतो. यीस्टमध्ये ताजी शेपटी साठेक एची असते. तेवढ्यावर ती पोहोचली की तिच्यावर बसलेलं नॅब२ हे प्रथिन सीपीएफला आवरतं. नॅब२ काढून घेतलं तर शेपटी कितीतरी लांबते. पुढे पेशीद्रवात ती झिजते आणि दहा-बारा ए उरले की डीसीपी२ हे विकर टोपी काढतं.

"चिलखत." केंद्रकात टीआरएफ४ हे वेगळं विकर सदोष आरएनएवर छोटी शेपटी लावतं आणि ती एक्झोसोमला (आरएनए नष्ट करणाऱ्या प्रथिन-संकुलाला) खाण्याचं आमंत्रण ठरते. कुणी लावली आणि कुठे लावली, यावर सगळं.

शेपटी मोजतानाही गफलत होते. दीड हजार अक्षरांच्या आरएनएत ६० चा फरक साध्या अ‍ॅगरोज जेलवर धड कळत नाही. आधी जनुकाच्या शेवटाजवळ जुळणारा विसेक अक्षरांचा डीएनए तुकडा आणि आरएनेझ एच (डीएनएशी जुळलेला आरएनए कापणारं विकर) वापरून छोटा ३' तुकडा काढावा. अर्ध्या नमुन्यात ऑलिगो-डीटीही (शेपटीशी जुळणारी टीची छोटी साखळी) घालून शेपटी उडवावी आणि दोन्ही युरिया-अ‍ॅक्रिलामाइड जेलवर शेजारी चालवावेत. ऑलिगो-डीटी प्रायमर (सुरुवातीचा तुकडा) म्हणून वापरून सीडीएनए (आरएनएची डीएनए प्रत) करून "शेपटीची जागा" शोधणाऱ्यांनी जीनोममध्ये त्या ठिकाणी एची रांग आहे का ते आधी तपासावं. यीस्टच्या ३' भागात अशा रांगा भरपूर असतात आणि प्रायमर बिनदिक्कत तिथेच चिकटतो.